सगुणाबाईंच्या सँडविचची बारी

चाकणच्या कारखानदारीच्या पट्ट्यात कामगार मधल्या सुट्टीत काय खातात, याची नोंद करण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा सर्वाधिक अतिशयोक्ती सँडविचच्या वाट्याला येईल अशी माझी कल्पना नव्हती. मोशीतील एका रिक्षाचालकाने मला सांगितले, की त्यांच्या चौकातले सँडविच खाऊन एक मुका माणूस बोलू लागला. अधिक चौकशी केल्यावर तो माणूस मुका नव्हता, नुसताच अबोल होता, असे निष्पन्न झाले. दिघीत एका निवृत्त सुभेदारांनी एका टोस्टचे वर्णन करताना डोळे मिटून हात जोडले. पण ते टोस्ट त्यांनी स्वतः कधी खाल्लेले नव्हते. अशा साक्षींची सवय झाल्यामुळे, करंजवस्तीच्या सगुणाबाईंचे नाव जो तो घेऊ लागला तेव्हा माझा संशय वाढला. एकाच वस्तूची इतकी एकमुखी स्तुती सहसा खरी नसते.

मग मी तिथे गेले, आणि पहिल्याच घासाला माझे लिहिणे थांबले. ही बाब मी येथे निव्वळ वस्तुस्थिती म्हणून नोंदवते.

करंजवस्ती चाकणपासून फार दूर नाही. एका अंगाला कांद्याची वावरे, दुसऱ्या अंगाला सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या निळ्या पत्र्याच्या शेड, आणि या दोहोंच्या मध्ये एक चौक, जिथे कंपनीच्या बसगाड्या एक शिफ्ट उतरवतात आणि दुसरी उचलून नेतात. चौकात एक जुना करंज आहे आणि करंजाखाली सगुणाबाईंची टपरी. साठी ओलांडलेल्या सगुणाबाई ठेंगण्या आहेत, नऊवारीत वावरतात आणि एका वेळी एकाच माणसाकडे बघतात. त्यामुळे ज्याच्याकडे बघतात त्याला आपण काहीतरी चूक केली असावी असे वाटते.

त्यांचे सँडविच म्हणजे झुणक्याचे सँडविच. लोखंडी कढईत लसणाच्या फोडणीचा घट्ट झुणका, ब्रेडच्या एका कापाला लोणी, दुसऱ्याला ठेचा, मध्ये झुणका आणि कांदा. मग लांब दांड्यांच्या टोस्टरमध्ये दाबून ते शेगडीवर दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. साहित्य इतकेच. पण कांद्याला सुरी लावायची नाही. कांदा दगडावर ठेवायचा, त्यावर बुक्की मारायची, फुटलेल्या पाकळ्यांना मीठ चोळायचे आणि वर वाडगा पालथा घालून तो थोडा वेळ बसू द्यायचा.

"सुरी लावली की कांदा रुसतो," त्या म्हणाल्या.

"आणि बुक्की मारली की रुसत नाही?"

"बुक्कीचा राग न्हाई येत त्याला. घरचं माणूस हाय म्हणतो."

मी हे उतरवून घेत असतानाच त्यांनी माझ्यासाठी दुसरे सँडविच टोस्टरमध्ये घातलेले दिसले. मी एकच मागितले होते, असे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले.

"मागितलंस एक. खाणार दोन," सगुणाबाई म्हणाल्या. "पहिलं निम्मं पोटात गेलं की दुसरं लावायचं. बस काय तुझ्यासाठी थांबती?"

मी दोन खाल्ली. शेजारच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण दोन खात होता. समोर दुसरे तयार होताना दिसले, की माणूस हातातल्या पहिल्याचा उरलेला भाग एका दमात संपवतो आणि बस चुकत नाही. ही टपरीची रीत, आणि पुढे जे घडले ते समजण्यासाठी ती लक्षात ठेवावी लागेल.

सगुणाबाई आधी एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी निवडत. तिथे कांदा कापायचे यंत्र आले, त्याच दिवशी त्या निघाल्या. कारण विचारले तर म्हणाल्या, "ते मशीन रडतबी न्हाई. त्याच्यासंगं काय काम करायचं?" मग करंजाखाली चूल मांडून त्यांनी झुणका-भाकर सुरू केली. भाकरीच्या जागी ब्रेड कसा आला, याबद्दल मात्र परस्परविरोधी कथने मिळतात. त्यांचे यजमान हिंदुराव यांच्या मते ही कल्पना हिंदुरावांची. सगुणाबाईंच्या मते त्या दिवशी पीठ संपले होते. तिसरे कथन ज्योतीरामचे. ज्योतीराम मूळचा लातूरकडचा. प्रेस शॉपमध्ये काम करतो आणि टपरी सुरू झाल्यापासून तिथे जेवतो.

"हात बगा," असे म्हणून त्याने मला पंजे दाखवले. रेषांमध्ये ग्रीस मुरलेले होते. "साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. भाकरीला हात लावला की भाकरी काळी. मी मावशीला म्हणलो, मावशी, असं कायतर द्या की झुणक्याला माझा हातच लागायचा नाही. कागदात गुंडाळून द्या, कागद धरून खातो. तवापासून सँडविचच खालालो बगा."

तिन्हींपैकी हे कथन मला ग्राह्य वाटते, कारण त्याचा पुरावा अजून त्याच्या हातावर आहे.

आता हिंदुराव. हा माणूस समजण्यासाठी बैलगाडा शर्यत समजली पाहिजे. या भागात गावोगावच्या यात्रेत चढणीच्या धावपट्टीवर गाडे पळतात. त्या चढणीला घाट म्हणतात, एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात, बैलांच्या पुढे एक घोडी पळते म्हणजे बैल तिच्यामागे झेपावतात, आणि सर्वांत कमी वेळात घाट पार करणारा गाडा 'घाटाचा राजा' ठरतो. हे सगळे ज्याच्या आवाजात लोकांना दिसते, तो माइकवरचा निवेदक. हिंदुराव हे तसे निवेदक आहेत. त्यांचा आवाज कर्ण्याशिवायही शेजारच्या गावात पोहोचतो, असे म्हणतात. मी शेजारच्या गावात जाऊन विचारले, आणि ते खरे आहे.

शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत हिंदुरावांचा आवाज बेकार झाला. ते टपरीवर येऊन बसू लागले, आणि राहवेना म्हणून सँडविचचे निवेदन करू लागले. "आलाऽऽ आलाऽऽ झुणका आला, ठेच्यानं धरलंय डावं अंग, लोण्यानं धरलंय उजवं, काय ती जोडी, भिर्रर्रर्र!" बसमधून उतरणारे कामगार आधी घाबरले, मग रांग लावू लागले. मात्र इतकी वर्षे निवेदन करूनही सँडविच चांगले आहे असे हिंदुरावांनी एकदाही म्हटलेले नाही. याला सगुणाबाई साक्षीदार आहेत.

"सगळ्या तालुक्याच्या बैलांचं गुणगान गायलं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "माझ्या वाट्याला काय? 'मीठ बघ जरा.'"

"निवेदकाला नातं नसतं," हिंदुराव टपरीच्या मागून म्हणाले. "माइकवर बसलं की मी कुणाचा कुणी न्हाई."

"माइक कुठाय इथं?"

"माइक मनात असतो, सगुणा."

अशा सुखात ही टपरी चालली असताना रस्ता रुंद करण्याचे ठरले. चौकातल्या सगळ्या टपऱ्या हलणार होत्या. ग्रामपंचायतीने करंजाखाली पत्र्याची शेड, नळ आणि दिवा असलेला एक पक्का ओटा बांधला. पण तो एकाच विक्रेत्यासाठी, आणि मागणारे दोन. दुसरा अर्ज बंटीचा होता. बंटी रावेतचा, बंद पडलेल्या शाळेच्या व्हॅनमध्ये विजेचा ग्रिल बसवून तो चीजचे तीनमजली सँडविच विकतो. पोरगा गोड, तोंडात साखर, व्हॅनवर गुलाबी दिवे. ज्याला ओटा मिळणार नाही त्याने मागच्या कच्च्या रस्त्यावर जायचे होते, जिथे बस थांबत नाही आणि माणूसही सहसा थांबत नाही.

सगुणाबाईंच्या दृष्टीने प्रश्न धंद्यापुरता नव्हता. करंजाखालची ती जागा म्हणजे कंपनीच्या जागेत गेलेल्या त्यांच्या वावराचे टोक. सून म्हणून आल्यापासून त्यांनी न्याहारीची शिदोरी सोडली ती त्याच सावलीत.

"वावर गेलं ते गेलं," त्या मला म्हणाल्या. "पैसं आलं, घर झालं, माझी तक्रार न्हाई. पन ह्या झाडाखालून मला कुणी ऊठ म्हणायचं न्हाई. येवढंच."

सरपंच कुसुमताई यांच्यापुढे पेच होता. कोणाच्याही बाजूने निर्णय दिला तरी निम्मे गाव रुसणार. तेव्हा त्यांनी यात्रेच्या बैठकीत जाहीर केले, की यात्रेच्या दिवशी घाटात दोघांची स्पर्धा लावू. जो जिंकेल त्याचा ओटा. सर्वांना हे पटले, आणि इथे ती चूक झाली जी फक्त याच गावाकडून होऊ शकते. करंजवस्तीने आजवर बैलगाड्यांखेरीज कसलीही स्पर्धा भरवलेली नाही. नियम लिहायचे काम शर्यतींचे जुने पंच सोपानराव यांच्याकडे गेले. त्यांनी शर्यतीचे नियम घेतले, जिथे 'गाडा' होते तिथे 'सँडविच' केले आणि जिथे करायचे राहिले तिथे तसेच राहू दिले.

बैठकीला मी नव्हते. पुढील वृत्तान्त कुसुमताई, बंटी आणि ज्योतीराम यांनी मला वेगवेगळा सांगितला आणि तो जुळला.

कुसुमताईंनी नियम वाचून दाखवले. चिठ्ठ्या टाकून बारीचा क्रम ठरेल. कमीत कमी वेळ लावणारे सँडविच विजयी. चाबूक, काठी अगर टोचणी वापरल्यास सँडविच बाद. मद्यपान केलेल्या सँडविचमालकास घाटात प्रवेश नाही. सँडविचपुढे घोडी धरण्यास परवानगी आहे.

बंटीने हात वर केला. "सोपानकाका, घोडी कशाला?"

"घोडी नसली तर बैल इकडं तिकडं बघत बसतो," सोपानराव म्हणाले. "पुढं घोडी दिसली की झेपावतो."

"पण सँडविचला कशाला?"

"तुला नको तर नको आणू. नियमात हाय म्हंजी हाय. आज्यापासून हाय."

"असू दे रे बंटी," कुणीतरी ओरडले, "तुझ्या व्हॅनला बांधू घोडी, डिझेल वाचंल!"

हशा पिकला आणि नियम राहिला. रुमाल पडला की घड्याळ सुरू, हे ठरलेलेच होते. मग खरा प्रश्न आला: घड्याळ थांबवायचे कधी? बंटी म्हणाला, सँडविच ताटलीत पडले की. हे ऐकून सगुणाबाईंचा चेहरा उतरला, असे ज्योतीराम सांगतो. उतरणारच. बंटीचा ग्रिल आधीपासून तापलेला असतो. सगुणाबाईंचा कांदा वाडग्याखाली बसल्याशिवाय त्यांचे काहीच हलत नाही. त्या हिशेबाने त्या बैठकीतच हरल्या होत्या.

तेवढ्यात हिंदुराव उठले. "गाडा जुंपला म्हंजी बारी झाली का?" त्यांनी विचारले.

"न्हाई," सगळे म्हणाले.

"मग? बनवणं म्हंजी जुंपणं. बारी संपती कधी? गाडा घाट पार करतो तवा. सँडविचचा घाट कुठला? पंचाचं नरडं. शेवटचा घास नरड्याखाली गेला की घड्याळ बंद."

बैठकीत टाळ्या पडल्या. शर्यत समजणाऱ्या माणसाला यात खोट काढता येईना.

हिंदुरावांनी हा निर्णय बायकोच्या सोयीसाठी दिला का, हे मी कसोशीने तपासले. तसे दिसत नाही. या निर्णयाने सर्वांत खूश झाला तो बंटी: "माझं चीज तोंडात विरघळतं, चावायचं कामच नाही!" आणि सर्वांत नाराज झाल्या सगुणाबाई, यजमानांनी नको तिथे तोंड घातले म्हणून यात्रेपर्यंत त्यांनी हिंदुरावांशी फक्त कढईच्या आवाजातून संभाषण केले.

यात्रेचा दिवस उजाडला. मी सकाळीच जाऊन कर्ण्याच्या खांबाला टेकून जागा धरली. घाटाच्या दोन्ही कडांना माणसे, गुलालाने लाल झालेली पागोटी, झुली घातलेले बैल, गाडामालकांच्या भावकीची भांडणे. गाड्यांच्या आधी सँडविचची बारी ठेवली होती. घाटाच्या पायथ्याशी एकीकडे गुलाबी दिव्यांची व्हॅन, दुसरीकडे सगुणाबाईंची शेगडी, आणि मध्ये खुर्चीवर खाणारे पंच म्हणून सोपानराव. त्यांना निवडण्याचे कारण असे, की आजवर त्यांनी गावात कुणाच्याच अन्नाला बरे म्हटलेले नाही.

माइकवर हिंदुराव होते. "मंडळी, आज माइकवर मला बायको न्हाई, मेव्हणा न्हाई, कुणी न्हाई!" त्यांनी जाहीर केले. "फक्त बारी हाय!"

चिठ्ठीत बंटीचे नाव आधी निघाले. कुसुमताईंनी रुमाल टाकला, आणि बंटीचे हात असे चालले की मला लिहिता येईना. ब्रेड, चीज, मका, ब्रेड, चीज, सिमला मिरची, ब्रेड. ग्रिल बंद, ग्रिल उघडा, वर दोन टूथपिक खुपसून ताटली पंचांपुढे.

"टोचणी!" गर्दीतून आरोळी आली. "टोचणी लावली! बाद करा!"

गोंधळ माजला. सगुणाबाईंच्या बाजूची पोरे घाटात उतरली. वाद मिटेपर्यंत घड्याळ थांबवले होते, याची मी नंतर खात्री करून घेतली. सोपानरावांनी टूथपिक उपसून उन्हाकडे धरून पाहिली आणि हिंदुरावांकडे पाहिले.

"टोचणी बैलाला लावायची न्हाई," हिंदुराव माइकवर म्हणाले. "ही गाड्याला लावलीय. बारी ग्राह्य!"

सगुणाबाईंनी माइकच्या दिशेने जी नजर टाकली, तिच्यावर शेगडी पेटवता आली असती. हिंदुरावांच्या निःपक्षपातीपणाचा याहून मोठा पुरावा मला लागत नाही.

घड्याळ पुन्हा सुरू झाले. सोपानरावांनी पहिला घास घेतला आणि सँडविच तोंडापासून दूर नेले. पण चीज काही तोंड सोडेना. तारा लांबत गेल्या. एक तार मिशीत अडकली.

"पंचांच्या मिशीला कासरा लागलाय, मंडळी!" हिंदुराव गरजले. "कासरा ताणलाऽऽ ताणलाऽऽ, पंच मागं ओढत्यात, सँडविच पुढं ओढतंय, आरं कोण कुणाला खातंय!"

चीज चटके देत होते. सोपानराव फुंकर मारत, गाल फुगवत, एक बोट मिशीत घालून झुंजत होते. "काका, चावा!" बंटी ओरडत होता. "काका, तोंड बंद करा!" अखेर तो डोंगर त्यांच्या गळ्याखाली उतरला आणि घड्याळवाल्याने हात वर केला. नेमका वेळ मी विचारला. तिघांनी तीन आकडे सांगितले. त्यामुळे आकडा लिहीत नाही. बारी वाईट नव्हती, इतके तिघांनाही मान्य होते.

आता सगुणाबाई. रुमाल पडला. त्यांनी कांदा दगडावर ठेवला, पदर खोचला आणि बुक्की मारली. गर्दीने हुंकार भरला. त्यांनी मीठ चोळले आणि वर वाडगा पालथा घातला. मग हात पुसून उभ्या राहिल्या.

घड्याळ चालू होते.

"गाडा अजून जुंपायचाच हाय, मंडळी," हिंदुराव म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा वर गेला होता. "सँडविचमालकीण उभ्या हायेत. नुसत्या उभ्या हायेत. वाडग्याकडं बघत्यात. वाडगा त्यांच्याकडं बघतोय." मग माइक हातात असल्याचे भान सुटले. "अगं, उचल की तो वाडगा!"

"तुमी गप बसा!" सगुणाबाई माइकशिवाय ओरडल्या, आणि ते कर्ण्यापेक्षा स्पष्ट ऐकू आले. "कांदा बसू द्या!"

"बसू द्या, बसू द्या, कांद्याला खुर्ची द्या!" गर्दी हसून वेडी झाली. ज्योतीराम दोन्ही तळवे डोक्यावर ठेवून माझ्या शेजारी खाली बसला. "गेलं," तो म्हणाला. "झाड गेलं बगा ताई."

वाडगा उचलला गेला. मग मात्र सगुणाबाईंनी मान वर केली नाही. लोणी, ठेचा, झुणका, कांदा, टोस्टर, शेगडी, उलट, सुलट, कागद. कागदातले सँडविच सोपानरावांच्या हातात पडले तेव्हा हाती थोडाच वेळ उरला होता. पण घटाघट खाल्ले तर पुरेसा होता.

सोपानरावांनी पहिला घास घेतला. चावला. आणि ते थांबले.

त्यांनी सँडविच डोळ्यांसमोर धरले आणि आत पाहिले. दुसरा घास घेतला, तो चिमणीएवढा. डोळे मिटले. मान हलवली. कडेचा एक खरपूस कोपरा मोडून वेगळा काढला, मागाहून खाण्यासाठी. ज्याने आयुष्यात कुणाच्या अन्नाला बरे म्हटले नाही, तो माणूस ते संपू नये म्हणून खात होता, आणि घड्याळ चालू होते.

"पंच!" हिंदुराव किंचाळले. "पंच, गिळा! आवो, घाटात झोपलं की काय! निम्म्या घाटात बैल चरतोय, मंडळी! सोपान, लेका, गिळ!"

"हिंदू, दमानं," सोपानराव तोंडात घास घोळवत म्हणाले. "असल्या घासाला दमानंच घ्यावं लागतं."

बंटीच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या. सगुणाबाईंनी एकदा सोपानरावांकडे पाहिले, एकाच वेळी एकाच माणसाकडे बघतात तसे. मग, जणू ही यात्रा नाही, चौक आहे आणि दुपारची शिफ्ट उतरली आहे, अशा शांतपणे त्यांनी दोन नवे काप घेतले, लोणी फासले, झुणका भरला आणि टोस्टर शेगडीवर ठेवला. लोणी चरचरले. वास घाटभर पसरला.

"दुसरं लावलंय, भावजी," त्या म्हणाल्या.

सोपानरावांचे डोळे उघडले. त्यांनी शेगडीकडे पाहिले, हातातल्या अर्ध्याकडे पाहिले, आणि ते अर्धे, राखून ठेवलेल्या कोपऱ्यासकट, असे तोंडात गेले की कागद जेमतेम वाचला. गळा हलला. घड्याळवाल्याचा हात वर गेला.

"झालीऽऽ झालीऽऽ झाली बारी!"

घड्याळवाल्याने दोन्ही वेळा सांगितल्या. सगुणाबाईंची बारी कमी वेळात होती, अगदी केसभर.

बंटी धावत पुढे आला. "ऑब्जेक्शन! मावशींनी आमिष दाखवलं! दुसरं सँडविच पुढं धरलं म्हणून काकांनी पहिलं गिळलं!"

आरोप खरा होता. सगळ्या घाटाने पाहिले होते. कुसुमताईंनी नियमांचा कागद उघडला, चष्मा लावला आणि बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबल्या. त्यांचे खांदे हलू लागले. दोनदा प्रयत्न करूनही त्यांना हसण्यामुळे वाचता येईना. शेवटी त्यांनी कागद हिंदुरावांना दिला.

हिंदुरावांनी माइक तोंडाजवळ नेला. "नियम सांगतो," ते हळूच म्हणाले, "सँडविचपुढे घोडी धरण्यास परवानगी आहे."

क्षणभर कुणालाच काही उमगले नाही, आणि मग सगळ्यांना एकदम उमगले.

"घोडीऽऽ! घोडीऽऽ!" टोप्या उडाल्या, गुलाल उडाला, कुणाचा तरी बैल बिथरून हंबरला. बंटी आधी रागाने कागदाकडे बघत राहिला, मग व्हॅनच्या पायरीवर बसला आणि पोट धरून हसू लागला. "मीच विचारलं होतं," तो म्हणत होता, "मीच विचारलं होतं, घोडी कशाला!"

त्यानंतर हिंदुरावांनी निकाल पुकारला. "मौजे करंजवस्ती, घाटाचा राजा... सौभाग्यवती सगुणाबाई हिंदुराव! काय तो कांदा, काय तो झुणका! मंडळी, इतकी वर्षं रोज खातोय, असलं सँडविच उभ्या तालुक्यात न्हाई, न्हाई, न्हाई! भिर्रर्रर्र..." ती भिर्रर्र इतकी लांबली की कर्ण्यातून नुसती शिट्टी येऊ लागली आणि मग कर्णा बंद पडला. हिंदुराव त्याशिवायच चालू राहिले.

सगुणाबाई शेगडीवरचे दुसरे सँडविच उतरवून सोपानरावांना देत होत्या. "आता सुचलं ह्यांना," त्या पुटपुटल्या. पण पदर तोंडाशी होता आणि त्याआड काय होते, हे मला दिसले नाही. न दिसलेल्या गोष्टीची मी नोंद करत नाही.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले. करंजाखालच्या ओट्यावर शेगडी, नळ, दिवा. खाली बाकावर ज्योतीराम, कागदाला धरून खाताना. बंटी रोज दुपारी व्हॅन मागच्या रस्त्याला उभी करून तिथे येतो, आणि चीज मागणाऱ्याला सगुणाबाई स्वतः त्याच्याकडे पिटाळतात. यात्रेतल्या त्या डावाचा विचार त्यांनी आधीपासून केला होता का, घोडीचा नियम त्यांच्या ध्यानात होता का, हे मला विचारायचेच होते. संशोधनाच्या दृष्टीने तो कळीचा प्रश्न होता.

"घोडीबिडी मला काय ठावं?" सगुणाबाई म्हणाल्या. "सोपानभावजी हावरट हायेत, येवढं ठावं हाय. लग्नातल्या पंगतीपासून बघतीय."

मी हे लिहून घेऊ लागले. समोर लोणी चरचरले. मान वर करून पाहते तो टोस्टर शेगडीवर होता, आणि माझ्या हातातले अजून निम्मेच संपले होते.